धागा: बाळांचे 'सलामी झटके': नाव १८४१ ला, उपाय १९५८ ला. मधली ११७ वर्षं कुठे गेली?

तळटीप (धागाकर्ता)

मंडळी, वैद्यकाशी माझा संबंध पेशंट म्हणून, तेवढाच. पण जुनी नियतकालिकं चाळायचा नाद आहे. गेल्या आठवड्यात 'लॅन्सेट'च्या फेब्रुवारी १८४१ च्या अंकातलं एक पत्र वाचलं आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

लिहिणारा विल्यम जेम्स वेस्ट, इंग्लंडात केंट परगण्यातल्या टनब्रिजचा सर्जन. विषय, तान्ह्या मुलांना येणाऱ्या आचक्यांचा एक निराळाच प्रकार. आणि पेशंट कोण, तर त्याचाच मुलगा जेम्स, जेमतेम वर्षाचा. चार महिन्यांपर्यंत पोर धडधाकट. मग मान मधूनच किंचित पुढे झुकायला लागली. बापाला वाटलं, असेल काहीतरी खोड. झुकणं वाढत गेलं. डोकं गुडघ्यांकडे जायचं, लगेच सैल पडायचं, काही सेकंदांनी पुन्हा तेच. एका खेपेला दहा-वीस वेळा, कधी त्याहून जास्त. दोन-तीन मिनिटांत खेप संपायची आणि दिवसातून अशा दोन-तीन खेपा. हळूहळू मूल हसेनासं झालं, कुणाची दखल घेईनासं झालं.

बापाने काय केलं नाही? हिरड्यांना चिरा दिल्या, डोक्याला जळवा लावल्या, गार पट्ट्या ठेवल्या, कॅलोमेलचे जुलाब दिले, अफू दिली, एरंडेल दिलं. कशाचा उपयोग नाही. शेवटी लंडनला दोन नामांकित डॉक्टर गाठले, सर चार्ल्स क्लार्क आणि लोकॉक. क्लार्कनी असे चार रुग्ण पाहिले होते, लोकॉकनी दोन. क्लार्कनी त्याला नावही देऊन ठेवलं होतं: 'सलाम कन्व्हल्शन'. नाव होतं, औषध नव्हतं. म्हणून वेस्टने पत्र लिहिलं, की व्यवसायबंधूंपैकी कुणाला काही ठाऊक असेल तर सांगा.

पहिला खराखुरा उपाय सापडला १९५८ मध्ये. म्हणजे ११७ वर्षं. माझा प्रश्न सरळ आहे: एवढी वर्षं सगळे काय करत होते? माझं मत विचाराल तर, रुग्ण तान्हा, तक्रार सांगू न शकणारा आणि आजार विरळा, त्यामुळे कुणाला पडलीच नव्हती.

खवचट_काका

सलाम! (धाग्याला. झटका नव्हे.)

मंजिरी_स

छान लिहिलंय. हे तेच वेस्ट ना, लंडनचं लहान मुलांचं हॉस्पिटल काढणारे? मग कुणाला पडली नव्हती असं कसं म्हणता?

तळटीप

नाही हो, तो चार्ल्स वेस्ट. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं हॉस्पिटल त्याने १८५२ मध्ये सुरू केलं. हा विल्यम जेम्स, गावातला साधा सर्जन. त्याचं पत्र आलं तेव्हा ते हॉस्पिटल निघायला अकरा वर्षं होती. गंमत बघा, त्याने ज्यांचा सल्ला घेतला ते दोघेही प्रसूतितज्ज्ञ. लोकॉक तर राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणं करणारे. मुलांचा असा वेगळा डॉक्टर नव्हताच, मग दाखवणार कुणाला?

डॉ_अनवाणी

मी मुलांच्या मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. हे झटके आठवड्याला एकदा तरी समोर येतात, त्यामुळे थोडं लिहितो.

आधी आजार काय ते. हे नेहमीच्या फिटसारखं दिसत नाही आणि सगळा घोळ तिथेच आहे. तोंडाला फेस नाही, मिनिटभर अंग कडक होणं नाही. एक झटका सेकंद-दोन सेकंदांचा, मग उसंत, मग पुन्हा. असे ओळीने येतात, त्याला आम्ही 'क्लस्टर' म्हणतो. झोपेतून उठल्या उठल्या जास्त. सुरुवात बहुतेकदा तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान. दर दहा हजार जन्मांमागे साधारण दोन ते पाच बाळांना होतो. विरळा खरा, पण अगदीच दुर्मीळ नाही.

जर्मन डॉक्टरांनी याला तीन शब्द जोडून नाव दिलं: वीज, होकार आणि सलाम. अंगातून वीज गेल्यासारखा, मान डोलावल्यासारखा आणि कमरेत वाकल्यासारखा, अशा तिन्ही छटा त्यात आल्या. १८४९ मध्ये न्यूनहॅम यांनी चार रुग्णांची हकिगत लिहिली, त्यातही 'सलाम' शब्द आहे. म्हणजे वेस्टचं पत्र अगदीच विहिरीत पडलं नाही.

"कुणाला पडली नव्हती" हे मला पटत नाही. दिसत होतं, नोंद होत होती. पण दिसलेल्याचं पुढे करायचं काय, ते साधन हातात नव्हतं.

पाणिनीचा_पुतण्या

१८४१ हे युरोपचं पहिलेपण. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, २७ व्या अध्यायात, बाळांना पछाडणारे नऊ ग्रह दिले आहेत. त्यातल्या नैगमेषाची लक्षणं वाचा. मूल फेस ओकतं, "विनम्यते च मध्ये" म्हणजे मध्ये वाकतं, उद्वेगाने रडतं आणि वर बघत राहतं. मध्ये वाकणं, नंतरचं रडणं, डोळे वर जाणं! वेस्टचं वर्णन याहून काय निराळं आहे?

डॉ_अनवाणी

@पाणिनीचा_पुतण्या, श्लोक मला माहीत नव्हता आणि वाचून दचकलोच. पण पुढचा भागही द्या ना. तिथे सततचा ताप आहे, अंगाला चरबीचा वास आहे, शुद्ध जाणं आहे. हे वर्णन मेंदूज्वरालाही लागू पडेल, धनुर्वातालाही. झटके ओळीने येणं आणि मुलाची वाढ मागे फिरणं या दोन खुणा त्यात नाहीत. वेस्टने नेमक्या त्याच पकडल्या. मोठेपण त्यात आहे.

पाणिनीचा_पुतण्या

ताप आणि वास मी गाळला, चूक मान्य. पण कुणीतरी बाळ मध्ये वाकताना टक लावून पाहिलं होतं, एवढं तरी द्या.

डॉ_अनवाणी

दिलं. आनंदाने दिलं.

खवचट_काका

अरे, धाग्यावर कुणीतरी चूक मान्य केली! ॲडमिन, ही नोंद जपून ठेवा.

अबोलीची_आई

इथे लिहावं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना हे सुरू झालं. दुपारची झोप झाली की दोन्ही हात बाजूला फेकायची, मान खाली जायची, क्षणभर डोळे विस्फारलेले. मग रडायची. परत हात, परत मान. मी म्हणायचे दचकते आहे. पहिल्यांदा लक्षात आलं ते सासूबाईंच्या. म्हणाल्या, "अगं, दचकणारं मूल एकदा दचकतं. ही मोजून दचकतेय." त्यांनी खरंच मोजले. चौदा.

पहिल्या डॉक्टरांनी पोट चेपून बघितलं, गॅस म्हणाले, थेंब दिले. दुसऱ्यांनी दूध वर येतंय सांगितलं, डोकं उंचावर ठेवून निजवायला सांगितलं. त्यांना तरी दोष काय देऊ? दवाखान्यात ती छान खेळायची, काहीच करून दाखवायची नाही. तोवर ती हसायची थांबली होती. हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर खरं होईल असं वाटायचं.

मग नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला. तिसऱ्या डॉक्टरांनी तो आठ-दहा सेकंद पाहिला आणि खुर्चीतून उठल्या. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, त्याच दिवशी झाला.

वेस्टने "खोड असेल" म्हटलं, हे तुम्ही लिहिलंत ना, तिथे माझं वाचन थांबलं होतं.

मंजिरी_स

ताई, काय बोलावं कळत नाही. मुलगी आता कशी आहे?

अबोलीची_आई

अकरा वर्षांची आहे. चालते, पळते, छोटी छोटी वाक्यं बोलते, गाण्याची चाल एकदा ऐकली की विसरत नाही. कारण सापडलं नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, मेंदूचा एमआरआय स्वच्छ. इंजेक्शनं सुरू केल्यावर नवव्या दिवशी झटके थांबले. ते दिवस मात्र नको ते. चेहरा भोपळ्यासारखा सुजला, सारखी भूक, सारखी किरकिर, एक दिवसाआड रक्तदाब. पण दहाव्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसली.

आकडेमोड

अबोलीच्या आईंनी "हात बाजूला फेकायची" लिहिलंय, त्यावरून आठवलं. 'सलाम' या नावाने घोळ करून ठेवलाय, कारण नाव ऐकून माणूस पुढे वाकणंच शोधत बसतो. १९७९ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या केलावे आणि मंडळींनी २४ बाळांचं व्हिडिओ आणि ईईजी एकत्र नोंदवून ५,०४२ झटके मोजले. पाच हजार बेचाळीस! एकेक करून! त्यात नुसते पुढे वाकण्याचे सुमारे ३४ टक्के, मागे ताठ होण्याचे २२-२३ टक्के, आणि सगळ्यात जास्त, ४२ टक्के, मिश्र: मान-कंबर वाकते पण हात किंवा पाय ताठ होतात.

म्हणजे ज्याला शुद्ध 'सलाम' म्हणावं तो जेमतेम तिसरा हिस्सा.

खवचट_काका

मोजून दचकणाऱ्याला मोजून पकडलं. सासूबाईंना त्या निबंधाचं सहलेखकपद द्या.

अबोलीची_आई

काका, हे त्यांना वाचून दाखवणार आहे. :)

निरुत्तर

ईईजीचं कुणीच लिहिलं नाही. माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेची पहिली नोंद हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये घेतली, पाच वर्षं दाबून ठेवली आणि १९२९ मध्ये छापली. त्यानंतर मिरगीवाल्यांना डोळेच फुटले. १९५१ मध्ये अर्जेंटिनात वास्केस आणि टर्नर यांनी या झटक्यांच्या मुलांचा विशिष्ट आलेख वर्णन केला. १९५२ मध्ये अमेरिकेत गिब्ज पतिपत्नींनी त्याचं बारसं केलं: हिप्सॅरिद्मिया. ग्रीक 'हिप्सोस' म्हणजे उंची. उंचच उंच लाटा आणि त्यांना ना ताल ना मेळ. मी नर्सरीतल्या पोरांच्या हातात रंगीत खडू दिल्यावरची भिंत पाहिली आहे. साधारण तसं.

यातली खरी चपराक पुढे आहे. हा गोंधळ झटक्यांच्या वेळीच असतो असं नाही. दोन झटक्यांच्या मधे, मूल शांत पडलेलं असतानाही तो चालूच असतो. म्हणून मुलाची वाढ खुंटते, ती फक्त आचक्यांमुळे नाही, असा विचार पुढे रुजला.

डॉ_अनवाणी

उत्तम. त्यात भर घालतो: १९६० च्या सुमारास मार्सेयमध्ये गास्तो यांच्याकडे या एकाच आजारावर परिषद भरली आणि 'वेस्ट सिंड्रोम' हे नाव रूढ झालं. झटके, वाढ खुंटणं आणि तो आलेख, असं त्रिकूट. १९६४ मध्ये जीव्हन्स आणि बोवर यांनी ११२ रुग्णांचा अभ्यास पुस्तकरूपाने काढला. २०२२ मध्ये जागतिक अपस्मार संघटनेने नावाचा पैस वाढवला. आता तिन्ही खुणा नसल्या तरी चालतं, आलेख नमुनेदार नसला तरी निदान होतं. कारण त्रिकूट पुरं व्हायची वाट बघत बसलो तर मुलाचं नुकसान व्हायचं ते होऊन जातं.

शंकेखोर

एक विचारू का? आमच्या नात्यातल्या एका मुलाला डांग्या खोकल्याच्या लसीनंतर तीन-चार दिवसांत हेच झालं. डॉक्टर लोक यावर बोलत नाहीत. विचारलं की अंगावर येतात.

आकडेमोड

अंगावर न येता सांगतो. शंका तुमच्या एकट्याची नाही. १९७४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनीच लस आणि मेंदूचे त्रास यावर एक लेख छापला. बातम्या झाल्या आणि ब्रिटनमध्ये ही लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरलं. मग डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या.

या प्रश्नाचा निकाल फार देखण्या रीतीने लागला. डेन्मार्कमध्ये १९७० पर्यंत ही लस पाचव्या महिन्यापासून पुढे द्यायचे. मग वेळापत्रक बदललं: पाचवा आठवडा, नववा आठवडा, दहावा महिना. आता तुमचं म्हणणं खरं असेल तर झटके सुरू व्हायचं वयही मागे सरकायला हवं, हो ना? मेल्कियोर यांनी १९७७ मध्ये तपासून छापलं. वय जिथल्या तिथे. तसूभर हललं नाही. नंतर ब्रिटनच्या देशभराच्या अभ्यासातूनही, १९८३ मध्ये, लस आणि हे झटके यांचा संबंध आढळला नाही.

झटके तीन ते बारा महिन्यांत सुरू होतात. लसीही त्याच महिन्यांत असतात. एकाच स्टेशनवर दोन गाड्या आल्या म्हणून एकीने दुसरीला ओढून आणलं असं होत नाही.

शंकेखोर

डेन्मार्कचं माहीत नव्हतं. पण त्या मुलाच्या आईला हे मी कसं सांगू? तिने सात वर्षं स्वतःला दोष दिलाय, की मीच घेऊन गेले लसीला.

अबोलीची_आई

हेच सांगा. दोष तिचा नव्हता, आणि तेही कुणाच्या समजुतीखातर नाही, तपासून निघालेलं आहे. मला कुणी असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. मी गरोदरपणी जिना उतरताना घसरले होते. मी ते धरून बसले होते.

मंजिरी_स

१९५८ ला काय सापडलं, ते कुणी सांगेल का? पहिल्या पोस्टपासून वाट बघतेय.

निरुत्तर

बेल्जियममध्ये सोरेल आणि दुसोसी-बोलोय यांनी २१ मुलांना एसीटीएच दिलं. हे पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक. ते अ‍ॅड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसोल बनवायला लावतं. कित्येक मुलांचे झटके थांबले, आलेखही सुधारला. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी या उपचाराला 'स्पेक्टॅक्युलर' म्हटलंय. वैद्यकीय लेखाच्या शीर्षकात असा शब्द सहसा कुणी घालत नाही. केवढं आश्चर्य वाटलं असेल!

डॉ_अनवाणी

वाटलंच असणार. कारण तोवरची मिरगीची सगळी नावाजलेली औषधं इथे आपटली होती. वेस्टने ज्यांचा सल्ला घेतला त्याच लोकॉकनी १८५७ मध्ये ब्रोमाइडचा उपयोग जाहीर केला. मिरगीवरचं पहिलं कामाचं औषध ते. मग १९१२ मध्ये फिनोबार्बिटल, १९३८ मध्ये फेनिटॉइन. फिनोबार्बिटल, फेनिटॉइन या झटक्यांपुढे आजही लंगडीच. आणि मिरगीचं औषध मुळीच नसलेलं एक संप्रेरक लागू पडलं. का लागू पडतं? यावर बरेच तर्क आहेत, निर्विवाद उत्तर आजतागायत नाही.

पुढे प्रश्न आला, इंजेक्शनच हवं की तोंडाने स्टेरॉइड चालेल? १९८३ च्या एका चाचणीत दोन्ही सारखेच निघाले. १९९६ मध्ये २९ मुलांच्या चाचणीत मोठ्या मात्रेचं एसीटीएच घेतलेल्या १५ पैकी १३ जणांना फायदा झाला, प्रेडनिसोन हे स्टेरॉइड घेतलेल्या १४ पैकी फक्त ४ जणांना. मग लोक म्हणाले, अहो, मात्रा तरी सारख्या तोलाच्या ठेवा. २००४ च्या ब्रिटिश चाचणीत प्रेडनिसोलोनची मात्रा वाढवली तेव्हा दोन्ही जवळजवळ बरोबरीत आले. आमच्या क्षेत्रात यावर अजून खडाजंगी होते. चहा थंड होईपर्यंत.

विस्मरणी

व्हिगाबॅट्रिन हे मिरगीचं औषध राहिलं. आमच्या मुलाला ट्युबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार) आहे, त्याला तेच दिलं. चौथ्या दिवशी झटके बंद. पण दर काही महिन्यांनी डोळे तपासायचे, ही टांगती तलवार.

डॉ_अनवाणी

@विस्मरणी, बरोबर. या आजारात ते औषध विशेष लागू पडतं. १९९७ च्या फ्रेंच चाचणीत ट्युबरस स्क्लेरोसिसच्या ११ पैकी ११ मुलांचे झटके व्हिगाबॅट्रिनने थांबले, हायड्रोकॉर्टिसोनने ११ पैकी ५ जणांचे. त्याच वर्षी ब्रिटनमधून ती दृष्टिक्षेत्र आक्रसण्याची बातमीही आली. एकाच वर्षी गोड आणि कडू. झटके येणाऱ्या बाळाच्या अंगावर पांढरट चट्टे आहेत का हे आम्ही खास दिव्याखाली बघतो, ते याच आजाराच्या शोधात.

बाकीच्या मुलांत मात्र दोन आठवड्यांच्या पल्ल्यावर संप्रेरकं, म्हणजे एसीटीएच आणि स्टेरॉइड, पुढे: त्याच २००४ च्या चाचणीत १०७ बाळांपैकी संप्रेरकवाल्यांत ७३ टक्के, व्हिगाबॅट्रिनवाल्यांत ५४ टक्के. २०१७ मध्ये ३७७ बाळांत दोन्ही एकदम देऊन पाहिलं: ७२ टक्के विरुद्ध नुसत्या संप्रेरकाने ५७ टक्के. पण अठराव्या महिन्यात वाढ मोजली तर दोन्ही गट सारखेच. झटके लवकर थांबले तरी पुढचं सगळं सुटतंच असं नाही. कारण मुळात मेंदूला काय झालंय ते उरतंच.

जिज्ञासू_जॉन

मात्रा किती मिलिग्रॅम असते? आणि गोळ्या दुकानात

ॲडमिन

वरील प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. औषधाच्या मात्रा इथे विचारू नयेत, सांगू नयेत. डॉक्टरांकडे जावे.

खवचट_काका

ॲडमिनने वाक्यालाच झटका दिला.

पारिजातक

एक उलट अनुभव, नाहीतर प्रत्येक आईबाप आज रात्री बाळाकडे टॉर्च लावून बसतील. आमचा मुलगा सहा महिन्यांचा असताना जेवायला बसवला की खांदे आणि मान थरारल्यासारखी करायचा, ओळीने. व्हिडिओ काढला, त्याच आठवड्यात ईईजी. थरथर चालू असतानाचा आलेखही स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, बाळपणातला निरुपद्रवी मायोक्लोनस, म्हणजे स्नायूंचे आपोआप होणारे हिसके. १९७७ मध्ये लोंब्रोसो आणि फेहेरमान यांनी तो वेगळा काढून दाखवला. औषध नाही. दोन वर्षांचा होईतो आपोआप गेला. आता लोळतो आणि शाळेचा डबा परत आणतो.

पण तो निरुपद्रवी आहे हे बघून कळलं नाही, ईईजीने कळलं. म्हणून तपासणी टाळायला सांगत नाहीये.

मंजिरी_स

जनुकांचं काय? आता तर थुंकीवरून सगळं कळतं म्हणे.

डॉ_अनवाणी

सगळं नाही, पण पुष्कळ. २००२ मध्ये एआरएक्स, त्याच्या पाठोपाठ सीडीकेएल-५, आता यादी लांबलचक आहे. कारण सापडलं की घरच्यांच्या मनातला "जिना घसरला म्हणून" सुटतो, हाही एक उपचारच. त्याआधी १९९० मध्ये चुगानी यांनी पेट स्कॅनने दाखवलं होतं, की 'कारण सापडत नाही' अशा काही मुलांत मेंदूच्या एकाच भागात दोष दडलेला असतो. अशा निवडक मुलांवर शस्त्रक्रिया होऊ लागली. संपूर्ण मेंदूचा म्हणवला जाणारा आजार एका कोपऱ्यातून निघू शकतो, हे पचायला आमच्याकडेही वेळ लागला.

जुनी_वही

(धागा चार महिन्यांनी वर काढतोय, माफी असावी.)

सगळं वाचलं. मूळ प्रश्नाला कुणी नीट भिडलंच नाही. तळटीप यांची ११७ वर्षं ही बेरीज बरोबर आणि हिशोब चूक आहे.

एसीटीएच प्राण्यांच्या पिट्युटरीतून शुद्ध स्वरूपात निघालं १९४३ मध्ये. अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिसोन आणि एसीटीएचचा परिणाम जाहीर केला १९४९ मध्ये, १९५० ला नोबेल. त्याच १९५० मध्ये क्लाइन आणि लिव्हिंगस्टन यांनी अमेरिकेत मिरगीच्या मुलांना एसीटीएच देऊन पाहिलंसुद्धा. आलेखाला नाव पडलं १९५२ ला. म्हणजे औषध हाताशी आल्यापासून ते योग्य मुलांपर्यंत पोचायला लागली आठ-नऊ वर्षं. बाकीची शंभरेक वर्षं या आजाराची नव्हतीच. ती रसायनशास्त्राची आणि विजेच्या यंत्रांची होती. १८६० साली जगातल्या सगळ्या डॉक्टरांना या बाळांची काळजी पडली असती, तरी त्यांच्या हाती जळवाच होत्या.

तळटीप

११७ मागे घेतो. हा हिशोब मी केलाच नव्हता.

तरी एक गोष्ट सोडवत नाही. १८४९ नंतर तुरळक नोंदी सोडल्या, तर शंभर वर्षं ही मुलं एकत्र मोजलीच गेली नाहीत. कशी वाढली, किती जगली, काहीच नाही. त्याला यंत्र लागत नाही, वही लागते. जेम्स वेस्ट वीस वर्षं जगला, १८६० मध्ये गेला. त्याचं पुढे काय झालं हे शोधून कागदावर यायला विसावं शतक उलटावं लागलं.

जुनी_वही

हे मान्य. वहीचा मुद्दा तुमचा.

डॉ_अनवाणी

उशिराचा विषय निघालाच आहे तर. २००४ च्या त्या ब्रिटिश चाचणीतली मुलं चार वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, निष्कर्ष २०११ मध्ये आले. पहिला झटका ते पहिलं औषध यात किती वेळ गेला त्याचे गट पाडले: आठवडाभर, दोन आठवडे, महिना, दोन महिने, त्याहून जास्त. प्रत्येक पायरीला वाढीचे गुण सरासरी चारेक अंकांनी खाली. आज औषध आहे, यंत्र आहे, आणि तरी माझ्याकडे येणारी कित्येक बाळं दोन महिने गॅसचे थेंब घेऊन आलेली असतात.

अबोलीची_आई

आमचे तेवीस दिवस. पहिला व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे, तारखेसकट. सासूबाईंचा आवाज येतो मागून, नऊ, दहा, अकरा.